अण्णा आणि माझा लव्हाळा

परतूरच्या आमच्या घरामागं न्हाणीचं पाणी साचून बारमाही चिखल. तिथं मी लव्हाळा लावला. ओढ्याकाठून गाठींसकट खणून आणला. तो पाणी पितो, माती धरतो, बेडूक येतात, असं कुठंतरी वाचलं होतं. केदारखेड्याची शेती माझ्या धाकट्या भावावर सोपवून वडील, म्हणजे आमचे अण्णा, नुकतेच आमच्याकडं राहायला आले होते. त्यांनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. उभा जन्म त्यांनी शेतातला लव्हाळा उपटण्यात घातलेला, आणि पोटचा पोरगा तोच पाणी घालून वाढवतोय!

"शिकून शिकून येडा झाला गं हा," ते सुनेला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा साफ. अण्णा खुरपं धूत बसले होते.

मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा काढला. जाळी लावली, तर खाली बसून जाळीतून हात घालायचे. शेवटी मी चक्क थाप मारली.

"अण्णा, हे भात हाय."

त्यांनी एक काडी दोन बोटांत फिरवली. "भाताची काडी गोल असती. ही तीन धारांची हाय. बापाला शिकवून राह्यला का?"

डोकं इतकं तापायचं की दोन-दोन दिवस मी त्यांच्याशी बोलायचो नाही. पण गाठी जमिनीत राहायच्या आणि आठ दिवसांत लव्हाळा दुप्पट फुटायचा. अण्णा चहाआधीच मागं जायचे. "पुन्हा आला बघ हरामी!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की कुणाला वाटावं पाहुणाच आला. परतुरात त्यांना दुसरं कामच नव्हतं.

श्रावणात त्यांना तापानं धरलं. पंधरा दिवस अंथरुणावर. इकडं लव्हाळा गुडघ्याच्या वर गेला, तुरे आले, बेडूकसुद्धा आले. सगळं मला हवं होतं अगदी तसंच, आणि मला ते बघवत नव्हतं.

सोळाव्या दिवशी त्यांना धरून मागच्या दारात खुर्चीवर बसवलं. त्यांची नजर तुऱ्यांवर गेली.

"कुणीच हात लावला न्हाई?"

"न्हाई अण्णा. तुमचं काम हाय ते."

"मंग उभा काय राह्यला? खुरपं आण जल्दी."

मी आणलं. धार लावून आणलं.