पाठीवरची नावं शिवणारी वेरोना

कॉनरॉय शहराच्या स्टेडियमखाली, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीला लागून एक बिनखिडकीची खोली होती. वेरोना पालकोने सत्तावीस वर्षं त्या खोलीत शिवणयंत्रावर काढली. स्टोकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या शर्टांच्या पाठीवर नावं शिवायची, मॅचमध्ये शर्ट फाटला तर दोन-तीन मिनिटांत खांदा सांधून परत मैदानात धाडायचा, आणि संघातून ज्याला काढलं त्याचं नाव उसवायचं, हे तिचं काम.

उसवायचं काम ऑगस्टमध्ये असे. सरावाला नव्वद पोरं यायची आणि त्यातली पन्नासेक टिकायची. साहित्याची व्यवस्था बघणारा ड्वेन पॅरिश सकाळी तिच्या टेबलावर शर्ट ठेवायचा आणि निघून जायचा. कुणाचं नशीब फुटलं हे त्या पोराच्या आधी वेरोनाला कळे. एकदा एक पोरगा दारातून डोकावून म्हणाला, "बाई, माझं आडनाव जरा मोठ्या अक्षरात शिवा हं, गावाकडनं आई टीव्हीवर बघणारेय." त्याचा शर्ट तेव्हा तिच्या मांडीवर होता आणि आडनाव अर्धं निघालेलं होतं. ती हसून "शिवते" म्हणाली. मग उसवलेली पट्टी कुठे चुरगळू न देता तिने पाकिटात घातली आणि ड्वेनच्या हाती त्याला पोचती केली. तेव्हापासून काढलेल्या प्रत्येक पोराला त्याच्या नावाची पट्टी पाकिटातून मिळू लागली. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एवढी वर्षं तिथे असून तिने मॅच मात्र एकही पाहिली नव्हती. मॅच चालू असताना तिला यंत्र सोडून उठता येत नसे. डोक्यावर सत्तर हजार माणसं पाय आपटायची, छतातून चुना गळायचा, आणि आरडाओरडा कुणाच्या बाजूचा हे ती आवाजावरून ओळखायची. बाकीची मॅच तिला रविवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात कळायची. ती सांगायचा तिचा थोरला भाऊ मिलान हुडाक.

मिलान पोलादाच्या कारखान्यात, दगडी कोळशाचा कोक करायच्या भट्टीवर होता. कारखाना बंद पडला, बायको गेली, मुलगा टेक्सासला गेला. उरली ती स्टेडियममधल्या चौदा नंबरच्या भागातली त्याची बसायची जागा आणि रविवार. मॅच संपली की तो थेट बहिणीकडे यायचा, टोपी खुंटीला लावायचा, आणि वेरोना कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून केलेल्या होलुब्की वाढेपर्यंत मीठदाणी, मिरपूड, काटे, चमचे टेबलावर मांडून बसलेला असायचा.

"ही मीठदाणी म्हणजे आपला गडी. हा त्यांचा बैल, अडीचशे पौंडांचा. तो असा आला..."

"मिलान, ताट सरकव. मिरपूड सांडशील."

"सांडू दे! इथे चौथा प्रयत्न आहे, दोन यार्ड हवेत, आणि हिला मिरपुडीची पडलीय!"

तो उठून उभा राहायचा, चेंडू काखेत धरून फ्रिजला वळसा घालायचा. वेरोना हसत हसत पदार्थ गरम करत राही. नवरा गेल्यापासून आठवड्यात ती एवढं त्या एकाच संध्याकाळी हसायची.

सत्याण्णवच्या ऑक्टोबरात बातमी आली की संघाचे मालक थॉर्नसाहेब संघ उचलून दूर वाळवंटातल्या एका शहरात नेणार. तिकडे त्यांना फुकटात नवं स्टेडियम मिळणार होतं, काचेच्या एकशेवीस खोल्यांचं. श्रीमंतांनी आत बसून, जेवत जेवत मॅच बघायची, अशा खोल्या.

कारखाना गेला तेव्हा कॉनरॉयने समजून घेतलं होतं. लोक म्हणाले, पोलाद विकलं जात नाही, काय करणार. पण संघ काही बुडत नव्हता. लीगला टीव्हीवाल्यांकडून कधी नव्हे एवढा पैसा मिळत होता. देशात दुसऱ्या कुठल्याही खेळाला एवढे प्रेक्षक नव्हते. कॉनरॉयचं स्टेडियम तर बर्फातसुद्धा भरायचं. लोकांना लागलं ते हेच.

"मग जातात कशाला?" वेरोनाने विचारलं.

मिलानने त्या रविवारी चमचे मांडले नव्हते. "टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत वाटून जातो. काचेच्या खोल्यांचा पैसा मात्र ज्याचा त्याला. आपल्याकडे अशा खोल्या नाहीत, आपल्याकडे बाकडी आहेत. भुकेल्यानं घर सोडलं तर समजतं गं, वेरोन्का. हा भरल्या पोटी निघालाय."

शेवटची घरची मॅच डिसेंबरातल्या एका रविवारी होती. मिलान आदल्या दिवशी दोन तिकिटं घेऊन आला.

"उद्या तू माझ्याबरोबर बसायचं."

"आणि शर्ट कोणी शिवायचे?"

"फाटू देत. फाटके घालून जाऊ देत तिकडे."

तिने ड्वेनला भीत भीत विचारलं. ड्वेन तिला वीस वर्षं 'मिस वेरोना' म्हणत आला होता, आणि तिच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. तो म्हणाला, "मिस वेरोना, जा तुम्ही. आज शर्ट फाटला म्हणून कोण रडणार आहे?"

तिकिटं सगळ्यात वरच्या रांगेतली होती. "चौदा नंबर का नाही?" तिने विचारलं, तर तो म्हणाला, "वरून सगळं मैदान दिसतं." दर दहा पायऱ्यांना तो कठडा धरून थांबत होता, भट्टीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. मधल्या मजल्यावर तिने दोन कॉफ्या घेतल्या आणि वळते तोच एक आडदांड म्हातारा मिलानच्या गळ्यात पडला. तो स्टॅन, पूर्वी आगीच्या बंबावर होता, चौदा नंबरात मिलानच्या शेजारी बसायचा. तिने त्याचं नाव शंभरदा ऐकलं होतं.

"मिलान! लेका, जिवंत आहेस होय! चार वर्षं झाली, तोंड दाखवलं नाहीस!"

मिलान टोपी सारखी करू लागला.

स्टॅन वेरोनाकडे वळला. "जागेवर बसायच्या हक्काचे वेगळे पैसे घ्यायला लागले ना, त्या वर्षी गेला हा. तिकीट वेगळं, हक्क वेगळा! आम्ही म्हटलं, वर्गणी काढू. तर म्हणतो कसा, मला आताशा थंडी सोसत नाही." मग दोघांचे चेहरे बघून त्याच्या लक्षात आलं. तो पुटपुटला, "बरं, भेटू," आणि गर्दीत शिरला.

वेरोना दोन्ही हातांत कॉफी धरून उभी राहिली. चार वर्षं, म्हणजे किती रविवार! त्याने रंगवून सांगितलेला, बर्फात बोटांच्या टोकांवर धरलेला तो झेल. पंचाच्या अंगावर उडालेला चिखल. सातव्या रांगेतला टोपी खाणारा माणूस.

"कुठे असायचास?" तिने विचारलं.

"गाडीत. तलावाच्या बाजूला लावून रेडिओ ऐकायचो."

"आणि तो टोपी खाणारा माणूस?"

"तो होता एकदा. खरंच होता. आधीच्या सालात."

"मला सांगायचं होतंस, मिलान."

"सांगून काय झालं असतं? तू त्या ड्वेनकडे पास मागितला असतास. माझ्यासाठी हात पसरला असतास." त्याला धाप लागली होती. "आणि मग रविवारी मी तुझ्याकडे कशाला यायचं? नुसतं जेवायला?"

तिने एक कॉफी त्याच्या हातात दिली. ते वर जाऊन बसले. तिने आयुष्यात पहिल्यांदा मॅच पाहिली आणि तिला काही कळलं नाही. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, पाठीवरची नावं वाचता येत नव्हती. तिने दोन-तीनदा विचारलं, "आता काय झालं?" मिलान म्हणाला, "काही नाही." मॅच स्टोकर्स जिंकले. खेळाडू कुंपणापाशी येऊन लोकांच्या गळ्यात पडले. लोकांनी पाने-पकडी, करवती आणल्या होत्या, ते बाकडी उखडून घरी नेऊ लागले. एक बाई फक्त गवताचं ढेकूळ छातीशी धरून चालली होती. मिलान शेवटपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता.

जानेवारीत ड्वेनने तिच्या टेबलावर खोके आणून ठेवले. सगळ्या शर्टांच्या बाहीवर कॉनरॉयचं चिन्ह होतं, पेटलेली भट्टी आणि खाली शहराचं नाव. ते काढून तिथे नव्या शहराचं शिवायचं होतं.

"तुम्हाला नको असेल तर तिकडे पाठवतो," ड्वेन म्हणाला. त्याच्या निवृत्तिवेतनाला सहा वर्षं बाकी होती, तो संघाबरोबर चालला होता. "तिकडचे लोक करतील."

"ते कात्रीने ओरबाडतील. कापड खराब होईल," ती म्हणाली.

आठ दिवस बसून तिने एकेक टाका सुईने उचलून सगळी चिन्हं काढली. हे टाके तिनेच घातलेले होते. नव्या चिन्हांच्या खोक्याला तिने हात लावला नाही. शुक्रवारी शर्ट घडी करून दिले, यंत्रावर कापड घातलं, आणि ती घरी गेली. काढलेली चिन्हं टाकून द्यायचा हुकूम होता, तो ड्वेनने स्वतः पाळला. ते तिने पाहिलं नाही.

त्यानंतर ती हार्बर स्ट्रीटवरच्या एका ड्रायक्लीनरकडे पँट्स आखूड करायला लागली.

रविवार येतच राहिले. मिलान यायचा, टोपी लावायचा, बसायचा. वेरोना विचारायची, "गुडघा कसा आहे? पोराचा फोन?" तो सांगायचा, "बरा आहे. आला होता." मग भांड्यांचा आवाज. पाठीला पाठ लावून आलेली, साठ वर्षांची सोबत असलेली ती दोघं, पण एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे दुसरं काही नाही हे तिला आता कळत होतं. एकदा धीर करून ती म्हणाली, "एखादी जुनी सांग ना. खोटी सांगितलीस तरी चालेल."

"गेलं ते गेलं," तो म्हणाला.

सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला. तिला वाटलं, निदान बघायला तरी मिळू दे त्याला. तो यायच्या आधी तिने टीव्ही लावून ठेवला. वाळवंटातलं पांढरंशुभ्र स्टेडियम, ऊन, आणि तेच खेळाडू, तेच रंग. मिलान दारात आला, पडद्याकडे पाहिलं. टोपी त्याने खुंटीला लावलीच नाही.

"माझ्यासमोर मेलेलं माणूस नाचवतेस?"

"मिलान, मी आपलं म्हटलं..."

"तुझं चुकलं नाही, वेरोन्का." तो एवढं हळू म्हणाला की तिला त्याचा राग पत्करला असता. "पण मी जातो."

ती होलुब्कींचा डबा घेऊन मागे धावली. त्याने तो घेतला. पुढच्या रविवारी तो आला नाही, नंतरही नाही. ती डबा घेऊन त्याच्याकडे जायची. तो दारातच डबा घ्यायचा, मागच्या वेळचा धुतलेला परत द्यायचा, 'आत ये' म्हणायचा. ती आत जाऊन पाच मिनिटं बसायची. अशी दोन वर्षं गेली. मग प्राणवायूची नळी आली, मग सेंट सिरिल चर्चच्या फादरना बोलावणं गेलं. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, ती त्याची उशी नीट करत असताना तो गेला. शेवटी त्याने काय म्हटलं म्हणाल, तर "पडदा सार, ऊन लागतंय."

त्या नाताळला तिने फोन उचलला नाही. तिकडे गेल्यापासून दरवर्षी नाताळला ड्वेन फोन करायचा, मिलानची चौकशी करायचा; तो वाजून वाजून थांबला.

जानेवारीत स्टोकर्स अजिंक्यपद जिंकले. कॉनरॉयमध्ये पन्नास वर्षांत जे जमलं नव्हतं, ते तिकडे तिसऱ्याच हंगामात जमलं. कॉनरॉयच्या बारमध्ये त्या दिवशी टीव्ही बंद होते म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघत होती, तेव्हा फोन वाजला, आणि या वेळी तिने उचलला.

"मिस वेरोना! जिंकलो आपण!" ड्वेनचा घसा बसला होता. मागे कोणीतरी गात होतं. "अजिंक्यपदाची अंगठी मिळणार मला! तुमच्या हातची नावं असती ना... आणि मिलान? म्हातारा शिव्या देत असेल मला! द्या त्याला फोन, ऐकतो."

"मिलान गेला, ड्वेन. नोव्हेंबरात."

मागचं गाणं चालूच राहिलं. ड्वेनने कुणालातरी ओरडून गप्प केलं.

"मला कळवलं का नाहीत?"

"काय कळवणार?"

मग त्याच्या रडण्याचा आवाज आला, हातांनी तोंड दाबून रडतात तसा. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, काल अजिंक्य झालेला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील."

"इथे कोण ओळखतं मला," तो म्हणाला.

ती कोट घालून उभीच होती. बसची वेळ टळून गेली होती. तो थांबेपर्यंत तिने फोन कानाला धरून ठेवला.