गोदामामागची पानं

‘आमची सून अळ्या पाळते,’ असं माझ्या सासूबाई येईल त्याला सांगत. पाळते हे खरंच होतं. पुढचं मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि विचारत नाहीत याचं मला बरंच वाटत होतं.

मी मुंबईत एका प्रयोगशाळेत काम करते. किडे मारणारे जिवाणू हा आमचा विषय. ते चंबूत वाढवायचे, मधूनमधून त्यातला थोडा द्रव काढायचा आणि त्या त्या वयात जिवाणू कोणती प्रथिनं बनवतायत ते पाहायचं. कोवळ्या वयात ते वाढीपुरती, नाना तऱ्हेची प्रथिनं बनवतात. अन्न संपत आलं की वाढ थांबते. मग जिवाणू आपलं बी कवचात बंद करायच्या तयारीला लागतो आणि त्याच सुमाराला एकच प्रथिन भरमसाट बनवून त्याचा खडा रचतो. प्रथिनं वेगळी करायला आम्ही जेलचा, म्हणजे खळीसारख्या पदार्थाचा, पातळ थर वापरतो; त्यावर प्रत्येक प्रथिनाची पट्टी उमटते. बाकीच्या पट्ट्या फिकट होत जातात आणि ती एक पट्टी जाड, गडद होत जाते. तो खडा अळीच्या पोटात विरघळला की तिचं आतडं फाटतं. कुठल्या वयाचा द्रव किती मारतो हे बघायला मला अळ्या लागत, आणि अळ्यांना एरंडाची पानं.

पानं सासूबाई आणत. आमचं घर मुंबईबाहेर, कामण गावात. शेताचा मोठा तुकडा गोदामाला गेल्यापासून त्यांच्या हाताला पुरेसं काम उरलं नव्हतं. ‘आई, कुठे एरंड दिसला तर सांगा,’ एवढंच मी एकदा म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दाराशी ठेवली. फार कोवळी नाहीत, फार जून नाहीत, ओल्या फडक्यानं पुसलेली पानं. बहिणीकडे चांदीपला गेल्या की तिथूनही आणत. प्रयोगशाळेत सगळे त्या पानांचं कौतुक करत. मी ते घरी येऊन सांगे, आणि त्या लाजून हसत.

गेल्या वर्षी प्रयोगशाळेच्या इमारतीत वायरिंगचं काम निघालं. दोन दिवस वीज बंद राहणार होती, आणि माझा प्रयोग अर्ध्यावर होता. मी अळ्यांचे डबे घरी आणले आणि मागच्या खोलीत टेबलावर मांडले. काही डब्यांतल्या पानांना कोवळ्या जिवाणूंचा द्रव लावलेला, काहींना जून जिवाणूंचा, काहींना नुसतं पाणी. सासूबाईंना म्हटलं, ‘झाकणं उघडू नका हं.’ त्यांनी उघडली नाहीत. पण झाकणं पारदर्शक होती.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा त्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्याही नाहीत.

‘चूक झाली गो माझी,’ त्या म्हणाल्या.

‘काय झालं?’

‘या डब्यांतल्या खायच्याच थांबल्या. सकालपासून बघतेय. हलत पन नाय. या काल्या पडल्या.’ त्यांचं बोट जून द्रवाच्या डब्यांवर होतं. ‘ही पानं मी गोदामामागून आनली. पाय दुखत होता, लांब गेली नाय. तिथं ते कसलं पानी सोडतात, मला म्हाईत होतं. पुसली मी, दोनदा पुसली. तरी...’

त्यांचे डोळे भरले होते. ‘तुझं काम फुकट गेलं. आनि या बिचाऱ्या.’

त्या क्षणी हो म्हणून टाकणं फार सोपं होतं. मी डब्यांकडेच बघत राहिले. त्यांना वाटलं, मी रागावले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

‘आई, पानं चांगली होती,’ मी म्हटलं. ‘शेजारच्या डब्यांत तीच पानं आहेत. बघा, त्या खातायत ना? या मी मारल्या. मारायलाच आणते मी त्यांना.’

मग सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसूनच ऐकत होत्या. शेवटी एकच विचारलं, ‘म्हंजे ते जंतू पोट भरलेलं असंल तवर काय करत नाय? उपाशी पडले का विष करतात?’

‘जवळजवळ तसंच.’

‘आनि मी त्या विषाखाली घालायला पानं पुसून दिली.’

मी म्हटलं, ‘अहो, भेंडीवरच्या अळ्या तुम्ही रोज चिरडताच की. यातून औषध निघालं तर त्याच भेंडीला लागेल.’ बोलताना स्वतःलाच ऐकू येत होतं की मी वकिली करतेय.

‘त्या येगल्या,’ त्या म्हणाल्या. ‘त्या आपल्या घरात घुसलेल्या. यांना आपन जेवायला बोलवलं.’

त्या दिवशी त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. रागानं नव्हे, भाजी वाढली, पोळी वाढली, आणखी घे म्हणाल्या. तेच जड गेलं. नवरा मला म्हणाला, ‘आईला कशाला सांगत बसलीस?’ मला मात्र वाटत होतं, इतके महिने सांगितलं नाही, तिथेच माझं चुकलं. त्यांच्या हातांना आवडतं काम मिळालं होतं, आणि ते काम नेमकं काय आहे हे त्यांच्याखेरीज आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी एरंडाची दुसरी सोय बघू लागले. आठवड्याभरानं त्याच म्हणाल्या, ‘पानं मी देईन. दुसऱ्या कोनाला तुझ्या अळ्यांचं काय पडलंय? फक्त कुठल्या डब्यात काय, ते मला सांगू नको.’

प्रयोग पुरा झाला. ती एक पट्टी जाड होत गेली, त्यामागोमाग मेलेल्या अळ्या वाढल्या. हवा तसा सुबक आलेख मिळाला आणि माझं नावही झालं.

परवा अंगणात लसूण सोलताना त्यांनी विचारलं, ‘ज्या जगतात, त्यांना सोडतेस ना गो?’

सोडता येत नाहीत. पानं खाणारी ती अळी, कुणाच्या तरी शेतात जाणार. आमच्याकडे उरलेल्या सगळ्यांचं एकच करतात. या वेळी मी थांबले नाही.

‘नाही, आई. फ्रीजरमध्ये ठेवते.’

त्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मग त्यांनी ती सोलली, वाटीत टाकली.

‘थंडीनं झोपच लागत असंल त्यांना,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. तसंच होत असेल असं मी म्हणावं, म्हणून त्या वाट बघत होत्या. मला म्हणवलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि लसणाचा एक गड्डा घेतला.