वसुबारस आणि माझा रिअ‍ॅक्शन टाइम

आफ्रिकेत मी अजून गेलेलो नाही, पण अंगावर धावून येणाऱ्या रानरेड्यासमोर काय करायचं हे मला तोंडपाठ आहे. मी डब्लिनच्या ओंगारमध्ये राहणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. बंदूक चालवली ती फक्त दिवाळीतली, टिकल्यांची. (शिवाय शाकाहारी.) पण जेवताना शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघायची मला वाईट खोड आहे. त्यातला एक बुजुर्ग सांगतो की रानरेडा झुडपातून निघाला की हातात जेमतेम तीन सेकंद असतात. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि करायचं. पळायचं अजिबात नाही. सगळा खेळ रिअ‍ॅक्शन टाइमचा! हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की माझी बायको मृणाल "तीन सेकंद" एवढं ऐकताच खोलीतून निघून जाते. तिला दोन पुरतात.

तर, आई अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आली होती. गुडघ्यांमुळे विमानतळावर व्हीलचेअर. घरात जिना दिवसातून एकदाच, तोही पायरीगणिक वेगवेगळ्या देवाचं नाव घेत. दिवाळी जवळ आली तशी तिला एकच काळजी लागली.

"वसुबारसेले गाय कुठं भेटन रे इथं?"

लग्न झाल्यापासून त्या दिवशी गाय-वासराची पूजा केल्याशिवाय तिने तोंडात घास घातलेला नाही. मी म्हणालो, छान मोठा फोटो प्रिंट करून आणतो.

"फोटो वडे खाते का?" आई म्हणाली.

मग मृणालने शोध लावला. तिच्या मैत्रिणीचे वडील, जेरी, क्लेअर परगण्यात एनिसजवळ गाई पाळतात. पूजा म्हणजे ब्लेसिंग, असं मी त्यांना फोनवर समजावलं. "ग्रँड," ते म्हणाले. "मागे आमच्या चर्चच्या फादरनी ट्रॅक्टरला ब्लेसिंग दिलं होतं. तेव्हापासून तो सुरू होत नाही. पण गाईला काय होणार आहे!"

ओंगार ते एनिस अडीच तास मी गाडीत व्याख्यान दिलं. रेडा मान कशी खाली घालतो, कान कसे टाकतो, शिकारी पाय कसे रोवतो.

"काऊन रे," उपाशी आई मागून म्हणाली, "आपण गोमातेकडे चाललो, अन् तू मले रेड्याच्या गोष्टी सांगून राह्यला?"

"बाबा, प्लीज स्टॉप," इरा म्हणाली. आमच्या या दहा वर्षांच्या कन्येला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती क्लेअरच्या शेतकऱ्याला शोभेल अशा इंग्रजीत देते.

जेरीभाऊ (हे नाव आईने दिलं) कुरणाच्या गेटवरच भेटले. पाच आडव्या दांड्यांचं लोखंडी गेट, पलीकडे तांबूस गाय आणि तसंच तांबूस वासरू. आईला गहिवरून आलं. जेरीभाऊ म्हणाले, "वासरू दोनच आठवड्यांचं आहे, त्यामुळे बाईसाहेब जरा तापट झाल्यात. मी खाद्याची बादली आणतो, तोवर आत जाऊ नका. आणि काहीही झालं तरी गेट उघडं टाकायचं नाही."

हे मी आईला सांगितलं. आईने आभाळाकडे बघितलं. "दिवेलागण होऊन राह्यली. मी सकाळपासून पाण्यावर आहो. अन् गाईले काय भ्यायचं?"

इथे आमची चूक झाली. आपल्याकडच्या गाईला हळदीकुंकवाची सवय असते. वासरू पोटाशी घेऊन ती शांतपणे औक्षण करून घेते, वडा खाते आणि पुढच्या घरी जाते. क्लेअरच्या गाईला आपण पूज्य आहोत हे कुणी कळवलेलंच नसतं.

आम्ही आत शिरलो आणि गेट नीट लावलं. पुढे मी, हातात तबक. त्यात निरांजन, कुंकू, शेवंतीचा हार आणि उडदाचे दोन वडे. मागे तांब्या घेतलेली आई. मृणाल आणि इरा गेटबाहेरच थांबल्या, इरा मोबाइलवर शूटिंग करत होती. आईला वासरू दिसलं आणि "ये रे माझ्या राजा" म्हणत ती थेट त्याच्या आणि गाईच्या मधे जाऊन उभी राहिली. तिच्या पुढ्यात, गाईसमोर, तबकासकट मी.

गाईने मान वर केली. मग खाली घातली.

"आई, हे बघ," मी म्हणालो. "मान खाली. आता कान टाकेल. टाकले! बघ, आता ती निघेल. ही निघाली. अशा वेळी मुख्य गोष्ट म्हणजे..."

मुख्य गोष्ट ऐकायला मागे कुणी नव्हतं. गवतात तांब्या आडवा पडला होता. पायरीगणिक देव आठवणारी माझी आई पाच दांड्यांचं बंद गेट चढून, साडीसकट, पलीकडे उतरली होती! मृणाल माझ्यासाठी कडी काढत होती आणि आई तिचा हात धरून म्हणत होती, "उघडू नको वं! गाय बाहेर जाईन ना!"

गाय हातभर अंतरावर थांबली. एक फुत्कार टाकला, निरांजन विझलं. मग तिने तबक हुंगलं. एक वडा खाल्ला. दुसरा खाल्ला. हार खाल्ला.

"कुंकू लाव!" पलीकडून आईचा आवाज आला. लावायची गरज नव्हती. हार ओढताना तबक कलंडून कुंकू आपोआप तिच्या नाकाडावर सांडलं होतं. पूजा झाली.

बादली खडखडवत जेरीभाऊ आले आणि गाय-वासराला पलीकडच्या कुरणात घेऊन गेले. जाताना म्हणाले, "फेअर प्ले!" म्हणजे तिकडचं शाब्बास. "मी असतो तर कुरणाच्या भिंतीवरून उडी मारली असती."

परतीच्या वाटेवर आईने बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाल्ली आणि अमरावतीला फोन लावला. "ट्रकाएवढी गाय! पण पोरगा माह्यासाठी तिच्यापुढं उभा राह्यला, हलला नाही." तिचे डोळे भरून आले होते. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटत होतं.

तेवढ्यात इराने व्हिडिओ लावला. आईने तो शेवटपर्यंत पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "पुसून टाक, बाई. त्यात माहे गुडघे फार चांगले दिसून राह्यले."

मीही लगेच पाठिंबा दिला. तेव्हापासून घराण्यात आईचीच हकीकत चालते, आणि तिच्यात एक अक्षर खोटं नाही. मी उभाच होतो. गाय गेली तरी होतो. मृणालने आईला गाडीत नेऊन बसवलं, तरी रिकामं तबक धरून होतो. शेवटी जेरीभाऊ परत आले, त्यांनी माझ्यापुढे बादली खडखडवून पाहिली, आणि मग हाताला धरून मला गेटबाहेर आणलं.