दुखत नाही, मग काय

मुलाच्या जिवापेक्षा मी त्याच्या सोयरिकीला जास्त जपलं. हे लपवायचं तरी किती?

जळगावात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. मुलगा शिकून माझ्याबरोबरच बसतो. धुळ्याच्या मुलीशी त्याची सुपारी फुटून आठवडा झाला असेल. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी नळी मोजत होतो आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाना, आंघोळ करताना हाताला एक गोटी लागते. खाली."

"खाली कुठे?"

"उजव्या बाजूला. अंडाला लागूनच, मागे."

"दुखते?"

"नाही."

"मग काय!" मी सुटल्यासारखा म्हणालो आणि पुन्हा मोजायला लागलो.

काही दिवसांनी त्याने परत विषय काढला. डॉक्टरला दाखवू म्हणाला. आमच्या खान्देशात कोण कुणाचा मामा निघेल, सांगता येत नाही. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या मेडिकलवर मुलीचा चुलतमामाच बसतो. नवरदेव 'तसल्या' तपासणीला आला होता, एवढं वाक्य धुळ्याला पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नसती. 'मुलात खोट आहे' या कुजबुजीवर मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. मी त्याला म्हणालो, "लग्न लागू दे, मग बघू. तोवर लंगोट घट्ट बांध आणि नळ्यांची बंडलं उचलू नको. आईलाही बोलू नको."

त्याने ऐकलं. आजही टोचतं ते हेच. उलटून बोलला असता तर बरं झालं असतं. दुकानातले हमाल त्याला चिडवायचे, "काय शेठ, हळद लागायच्या आधीच नवरदेव नाजूक झाला!" तो हसायचा आणि काउंटरवर जाऊन बसायचा. घरात अर्ध्या जेवणावरून उठायचा.

आणखी एक कबूल करायचं आहे. मला काहीच कळत नव्हतं, असं नाही. एकदा दुकानाचं शटर अर्धं ओढून मी मोबाइलवर शोधलं. अंडातल्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि तो तरुण पोरांना होतो, एवढं वाचून मोबाइल उलटा ठेवला. तरीही गप्प राहिलो. देवाला नारळ बोललो, पण दवाखान्याचं नाव काढलं नाही.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी होणाऱ्या सुनेचा फोन आला. त्याला नाही, मला.

"नाना, उद्या सकाळी दोघं धुळ्याला या. सर्जनकडे नंबर लावलाय."

मी मुलाकडे पाहिलं. "तिला सांगितलंस?"

"मग कोणाला सांगू?" एवढंच तो म्हणाला.

सकाळच्या बसने निघालो. सोयरीक मोडली, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. आणि त्याहून वाईट काही निघालं तर, याचा विचार आला की खिडकीबाहेर बघत होतो.

दवाखान्यात ती आधीच येऊन बसली होती. मला बघून पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली आणि म्हणाली, "घाबरू नका. माझ्या आबांना मी सांगितलंय. ते म्हणाले, शेंगदाण्याएवढ्या गाठीसाठी सोयरीक मोडू, एवढे आम्ही रिकामे नाही."

डॉक्टरांनी मुलाला पडद्यामागे नेलं, दिवा मालवला आणि गाठीमागे बॅटरी धरली. मग सोनोग्राफी करून आणायला सांगितली. रिपोर्ट बघून त्यांनी मलाही मुलाबरोबर आत बोलावलं. धंदा विचारला. ठिबकचं दुकान म्हटल्यावर हसले.

"मग तुम्हाला लगेच समजेल. अंडाच्या मागे अशीच एक बारीक नळी असते, बंडलासारखी गुंडाळलेली. तिच्यात पाण्याचा फुगा झालाय. मऊ आहे, अंडापासून वेगळा आहे, आतून उजेड आरपार जातो. कॅन्सर नाही. त्रास नाही तर औषधही नाही, ऑपरेशनही नाही. मुलंबाळं होण्याचीही काळजी नको."

मी खुर्ची घट्ट धरूनच बसलो होतो. केव्हापासून, कोण जाणे.

"गोटी कधी लागली हाताला?" त्यांनी विचारलं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "सुपारीच्या वेळी. मीच थांबवलं. दुखत नव्हतं म्हणून..."

डॉक्टरांचं हसू गेलं. "दुखत नाही म्हणूनच माणसं घरी बसतात. बहुतेक गाठी अशाच साध्या निघतात, पण साधी कोणती हे घरी हाताने कळत नाही. अंडातच कडक गाठ लागली, ते जड वाटलं, मोठं झालं, तर दुखो न दुखो, त्याच आठवड्यात दाखवायचं. आणि अचानक जोरात दुखायला लागलं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. ही गाठ वाढली किंवा दुखली तर परत या. आणि लंगोट सोडा. त्याने काही होत नाही."

बाहेर आल्यावर मुलाने तिला मान हलवून सांगितलं. ती आधी हसली, मग ओढणीने डोळे पुसले, मग म्हणाली, "चला, मला भूक लागली. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही."

बसस्टँडसमोर भजी खायला बसलो. पोरगा खूप दिवसांनी पोटभर खात होता. दुसरी प्लेट त्यानेच मागवली. तिने विचारलं, "लंगोट कशाला?" तर ठसका लागेपर्यंत हसला. मी हातातलं भजं खाली ठेवलं. एवढं हसणं त्याच्यात होतं आणि मी ते लग्नाच्या तारखेपर्यंत दाबून ठेवायला निघालो होतो.

दुकानात, माणसांत मी नेहमी शुद्ध बोलतो. त्या वेळी तोंडून घरचीच बोली आली. सूनबाईसमोरच त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "मन्हं चुकनं रे भाऊ. माले माफ कर."