सासऱ्यांच्या टाकीचा पिवळा कोट

पाणबुड्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या तपासणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सगळे टणटण म्हणतात. टाकी रिकामी करायची, बोटाच्या पेराने वाजवायची आणि डॉक्टरसारखा कान लावायचा, ही त्याची रीत. परवा त्याचे सासरेच आपली तीस वर्षांची पोलादी टाकी पोटाशी धरून दुकानात हजर! रविवारी त्यांना समुद्रात उतरायचं होतं आणि टणटणच्या शिक्क्याशिवाय हवा कुणी भरून देईना.

टाकीला जाड पिवळ्या प्लास्टिकचा कोट. "जावईबापू, एक ओरखडा दाखवा!"

"ह्या कोटाचीच तर भीती वाटते, बाबा. खारं पाणी कोटाखाली शिरलं, की आतल्या आत गंज चढतो. कोट सोलावा लागेल."

"आधी मला सोला!"

सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सोलाच हो, दोघांनाही. ह्यांचा कलप आणि टाकीचा कोट, सगळा वरवरचा थाट!"

सासरे बायकोवर डोळे वटारेपर्यंत टणटणने सुरी चालवलीसुद्धा. कोटाखालून गंजाचे पापुद्रे गळाले. पोलादातल्या एका खड्ड्यात त्याच्या पेन्सिलीचं टोक रुतलं.

"भरताना फुटली असती, तर दुकान गेलं असतं, बाबा."

सासऱ्यांचा चेहरा पडला. टाकी पुन्हा कुणी भरू नये म्हणून टणटणने तिला ड्रिलने आरपार भोक पाडलं. सासूबाई समाधानाने बाहेर पडल्या, तसे सासरे जावयाच्या कानाशी लागले.

"उद्या आणखी दोन आणतो. माळ्यावर आहेत. हिला सांगितलंय, केव्हाच विकल्या म्हणून."