पाहुण्याची पाठराखण

द्रानेला राग यायला कारण लागत नसे. राग काढायला माणूस मात्र लागे. आणि त्या आठवड्यात नेमकी पंचाईत अशी झाली की ज्याच्यावर काढायचा, तो पाहुणा होता.

अल्बानियाच्या उत्तरेला, डोंगरांच्या खोबणीत आमचं खोरं. इथे पाहुण्याला उलट बोलत नाहीत. उंबरठा ओलांडून आत आला की तो देवाचा. त्याने चुलीवर थुंकलं तरी विचारायचं, "घसा कोरडा पडलाय का? घरी गाळलेली राकी देऊ?" द्रानेच्या सासरी तर हे खूळ जरा जास्तच. तिचा नवरा गेला त्याच्या आदल्या दिवशीही कुणी वाटसरू दारात आला, तर पडल्या पडल्या म्हणाला, "द्राने, त्याला उशी दे. माझी दे."

सगळी सुरुवात झाली ती नकाशापासून. सूनबाई विओला फोनवर बघत होती आणि बघता बघता "अगंबाई" म्हणाली.

"काय झालं?" द्राने पीठ मळता मळता थांबली.

"आई, कुठल्याशा परदेशी सरकारने नकाशा रंगवलाय. हिरवं म्हणजे खुशाल जा. पिवळं म्हणजे जपून जा. नारिंगी म्हणजे अगदीच अडलं असेल तर जा. आपण नारिंगी आहोत."

"का?"

"जुनी वैरं, म्हणे. खुनाला खून. आणि अस्वलं."

"शेवटची गोळी इथे कुणी झाडली गं?"

"न्दोककाकांनी. लांडग्यावर."

"लागली?"

"आपल्या पाण्याच्या टाकीला लागली."

"म्हणजे इथे लांडगासुद्धा सुरक्षित आहे!" द्रानेने कणकेचा गोळा परातीत असा आपटला की झोळीतला आंतोन दचकून रडायला लागला.

आंतोन म्हणजे नातू, नुकताच बसायला शिकलेला. आणि खरा घोर त्याच्यापायीच होता. द्रानेचा मुलगा प्रेंग म्हणाला होता, सप्टेंबरात आम्ही तिघं जर्मनीला जाणार. विओलाचा भाऊ तिकडे होताच. द्रानेचा हिशेब सरळ होता: माडीवरच्या भाड्याच्या खोल्या पर्यटकांनी भरल्या, की प्रेंगच्या गाडीला भाडं मिळेल, भाडं मिळालं, की जर्मनी बारगळेल. आणि खोल्या भरायचा रस्ता एकच. इटलीतल्या तोरिनोची एक कंपनी डोंगरात चालणाऱ्या लोकांचे गट आणते. पुढच्या वर्षी आमचं खोरं घ्यायचं का, हे ठरवायला तिचा माणूस येणार होता. सुरक्षित आहे की नाही, ते बघायला.

तो आला. फुल्वियो नाव. बगळ्यासारखा उंच, मान पुढे काढून चालणारा, आणि प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू करणारा. जे बघेल ते साहेबासाठी फोनमध्ये बोलून ठेवायचा.

"समजा, रात्री आग लागली. समजा, हा कुत्रा चावला. समजा, एखाद्या बाईंना अक्रोड चालत नाहीत."

"समजा, एखाद्याला काही होतच नाही," द्राने चुलीकडे तोंड करून आपल्या भाषेत पुटपुटली. मग वळून त्याच्याकडे गोड हसली.

तिला इटालियन येत होतं. लग्नाआधी श्कोद्र शहरात मामाकडे राहताना शिकली ती. त्या काळी परदेशी टीव्ही बघायला बंदी. मामा रात्री माळ्यावर अँटेना फिरवायचा आणि द्राने पांघरुणात तोंड खुपसून ऐकायची. त्यामुळे तिचं इटालियन म्हणजे निम्मं जाहिरातबाईचं, निम्मं मालिकेतल्या रडव्या नायिकेचं. साधं ताक वाढायचं तरी म्हणायची, "आणि आता, खास आपल्यासाठी, ताजं, थंडगार ताक!" फुल्वियो पहिल्यांदा दचकला, मग सवय झाली.

तिसऱ्या सकाळी त्याने बूट बांधले. "आज मी धबधब्याकडे जातो. एकटाच."

द्रानेच्या हातातला डाव तसाच राहिला. "एकटे?"

"पर्यटक एकटे फिरतात, सिन्योरा. तेच तर बघायचंय."

"अवश्य! निसर्गाचा आनंद घ्या!" द्राने जाहिरातीतल्यासारखं हसली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि गोठ्यातल्या न्दोकवर तुटून पडली. न्दोक हा तिचा धाकटा दीर, तोही सत्तरीला टेकलेला.

"एकटा जातोय म्हणे! बेवारशी आहे का तो? माझ्या घरचा पाहुणा रानात एकटा फिरला, तर खोरं तोंडात शेण घालेल माझ्या!"

न्दोकचं बोलणं म्हणजे चढावरची बैलगाडी. "म्हणजे असं बघ, वहिनी... त्याला एकटंच जायचंय ना... तर जाऊ दे."

"जाऊ द्या. पण एकटा नको."

"म्हणजे... एकटा, पण एकटा नाही."

"भावजी, त्याला दिसू नका, म्हणजे झालं!"

आमच्याकडे पाहुण्याला हातोहात पोचवतात. आपल्या हद्दीपर्यंत आपण, मग शीळ घालायची, पुढे पुढचं घर. वाटेत पाहुण्याला काटा जरी लागला, तर तो ज्याच्या हद्दीत लागला त्याची मान खाली. आजवर कुठल्या पाहुण्याने तक्रार केली नव्हती. पण आजवर कुठल्या पाहुण्याने एकटं जायचं आहे असंही म्हटलं नव्हतं.

दुपारी अंगणात कालवा झाला. द्राने धावली. न्दोकच्या पाठीवर फुल्वियो होता, एका पायात बूट नव्हता, आणि तो वासरासारखा ओरडत होता. मागून शेजारचा कोला येत होता, दुसरा बूट हातात घेऊन.

त्याला बाजेवर टाकला. आता द्राने मधे, एका बाजूला फुल्वियो, दुसऱ्या बाजूला न्दोक, आणि तिने याचं त्याला, त्याचं याला सांगायचं.

"माझ्या मागे माणूस होता! विळा घेऊन!"

"म्हणजे... गवत कापत कापत गेलो. उगीच संशय नको."

"मी थांबलो की हा झाडामागे!"

"मग काय करणार? दिसू नका, असं वहिनीच म्हणाली."

"मग याने शीळ घातली! आणि वरून, वरून दुसरी शीळ आली!"

"तिथून कोलाची हद्द लागते ना. कोला, पाहुणा आला, घे, असं."

"मी पळालो!"

"पळाला," न्दोकने मान डोलावली. "मग आम्हीही पळालो. म्हटलं, पाहुणा पळतोय म्हणजे अस्वल असणार."

कोला हातातला बूट खाली ठेवून म्हणाला, "मी तर ओरडलोसुद्धा, घाबरू नको, आम्ही आहोत! तर हा अजूनच पळाला."

द्रानेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा सांभाळला, फुलासारखा, आणि हा बगळा म्हणतो दरोडेखोर! पण बोलणार कसं? पाहुणा! मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. कुत्र्याला लाथ बसली. कोंबड्यांचा उद्धार झाला. न्दोकला विळ्यासकट बाहेर घालवलं. भिंतीवरच्या संत अंतोनीच्या तसबिरीलाही ऐकून घ्यावं लागलं, की तुम्ही नुसते टांगून राहा. आणि हे सगळं करताना हात मात्र फुल्वियोच्या सुजलेल्या घोट्याला हलकेच राकी चोळत होते.

फुल्वियो डोळे मिटून म्हणाला, "सिन्योरा, तुम्ही चांगल्या आहात. पण माझा निर्णय झालाय. हे खोरं मी कंपनीला सुचवू शकत नाही. सुरक्षित नाही."

दारात आंतोनला कडेवर घेऊन उभी असलेली विओला खाली बघायला लागली. द्रानेचे दात एकमेकांवर घासलेले सगळ्यांना ऐकू आले.

"आणि आता," ती म्हणाली, "खास आपल्यासाठी... थोडं ताक?"

दुसऱ्या सकाळी पाय भोपळ्याएवढा झाला. श्कोद्रला न्यायलाच हवं होतं. प्रेंगने गाडी काढली. मागच्या बाकावर फुल्वियोला आडवा केला आणि पुढे द्राने बसली, कारण पाहुण्याला खोऱ्याच्या टोकाला जो पूल आहे तिथपर्यंत यजमानाने पोचवायचं असतं. तिथे छातीवर हात ठेवायचा, निरोप घ्यायचा, आणि तिथून पुढे तो आपला पाहुणा राहत नाही. मग त्याचं तो बघेल.

पुलापर्यंत द्राने एक शब्द बोलली नाही. फळ्या खडखडल्या. पलीकडे प्रेंगने सवयीने गाडी थांबवली, पण उतरणाऱ्याला उतरताच येईना. त्याने पुन्हा गाडी सुरू केली.

"प्रेंग, पूल संपला?"

"संपला."

"पूर्ण?"

"मागचं चाकसुद्धा उतरलं, आई." प्रेंगने गाडीचा वेग कमी केला. आईला तो ओळखून होता.

द्रानेने डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली आणि मागे वळली.

"सिन्योर! तू माझ्या विश्वासाचा घात केलास!" हे मालिकेतलं होतं. पुढचं तिचं स्वतःचं. "अरे गाढवा, मारायला येणारा शीळ घालून येतो का? सत्तरीचा म्हातारा तुझ्यासाठी डोंगर चढला, तुला बाळासारखा पाठीवर घेऊन आला, आणि तू म्हणतोस सुरक्षित नाही? माझा भाचा तुझ्या तोरिनोत ट्रामच्या रुळांवर पडला. पाय मोडला. लोक त्याला ओलांडून गेले, ओलांडून! एकाने त्याची टोपी उचलली, ती घालून गेला. त्या तोरिनोला कुठला रंग दिलात रे तुमच्या नकाशात? हिरवा?"

"नकाशा माझा नाही!" फुल्वियो कोपरावर उठून ओरडला. आता तोही पाहुणा नव्हता, त्यालाही तोंड फुटलं. "आणि मला एकटं जायचं होतं! एकटं! चाळीस लोकांच्या कंपनीत काम करतो मी, घरी सासू आहे, मला एक सकाळ एकट्याला—" गाडी खड्ड्यात गेली. "आई गं! मेलो!"

"मर की! माझ्या घरी नाही ना मेलास!"

"तुमच्या माणसांचं मला काही नाही आता! कळलं रात्री मला, ते का मागे होते ते! पण हा रस्ता—" पुन्हा खड्डा. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हा रस्ता आहे का, सिन्योरा? समजा, घोटा नसता. समजा, छातीत दुखलं असतं. कुठे आहे तुमचा डॉक्टर?"

"श्कोद्रला."

"आणि कधी पोचणार आपण?"

"दुपार कलली की," प्रेंग मोडक्या इटालियनमध्ये म्हणाला. "दरड नसली तर."

द्रानेने हात उडवला. "आम्ही राहतोच ना इथे? आम्हाला चालतं!"

प्रेंगने करकचून गाडी थांबवली. फुल्वियो किंचाळला, पण प्रेंगचं तिकडे लक्ष नव्हतं.

"चालतं?" तो आपल्या भाषेत म्हणाला. "आंतोन कुठे झाला, आई?"

"प्रेंग, परक्यासमोर—"

"कुठे झाला?"

आंतोन पुढच्या वळणावर झाला होता. गाडीत, पावसात, दरड कधी हटते याची वाट बघत. ती गावभर हसून सांगायची, माझा नातू ड्रायव्हर होणार, जन्मलाच गाडीत.

"तू हसून सांगतेस. मी ह्या आरशात विओलाला बघत होतो. पांढरीफटक पडत चालली होती, आणि मला ना पुढे जाता येत होतं, ना मागे. तुझ्या खोल्या रिकाम्या आहेत म्हणून मी चाललोय, असं वाटतं तुला? दहा गट आले असते तरी गेलो असतो. सांगायची छाती नव्हती, इतकंच."

इंजिन नुसतं घुरघुरत होतं. फुल्वियोला शब्द कळले नव्हते, पण तो घोटा धरून आळीपाळीने दोघांकडे बघू लागला.

द्राने समोरच्या त्या वळणाकडे बघत राहिली. मग तिच्या मानेवरची शीर ताठ झाली. प्रेंगला वाटलं, आता आपल्यावर. पण ती मागे वळली.

"बोला," ती फुल्वियोला म्हणाली.

"काय?"

"तुमच्या त्या फोनमध्ये. तुमच्या साहेबाला. सांगा, हे खोरं सुरक्षित नाही."

"पण तुम्हीच तर आत्ता—"

"माणसांपायी नाही! माणसांचं नाव काढाल तर खाली उतरवीन. रस्त्यापायी. सांगा, बायका गाडीत बाळंत होतात. सांगा, दर निवडणुकीला एक जण येतो, माझी राकी पितो, माझं पनीर खातो आणि म्हणतो, ह्या वर्षी डांबर. त्याचं नाव मी सांगते, तेही घाला. परक्या मुलखात बदनामी झाली, तरच डांबर पडेल."

"सिन्योरा, असं मी सांगितलं, तर तुमच्याकडे कुणीच येणार नाही."

"आई, अगं घर बंद पडेल," प्रेंग म्हणाला.

"ते माझं मी बघते. तू खड्डे बघ. चल, काढ गाडी."

गाडी निघाली. फुल्वियोने फोन तोंडाशी धरला आणि हळू आवाजात, साहेबी थाटात सुरू केलं, की सदर रस्त्याची अवस्था काहीशी असमाधानकारक असून... तेवढ्यात वळण आलं, गाडी आपटली, त्याचा घोटा पुढच्या बाकावर आदळला.

"काय हे मिळमिळीत!" द्राने ओरडली. "पुन्हा बोला. आत्ता जसे कळवळलात ना, तसं बोला!"