आण्णांच्या गाडीचं टायमिंग

मंडळी, माझ्या वडिलांची, आण्णांची जुनी गाडी आज एकदाची सुधारली. आण्णा गेले दिवाळीच्या आधी. तेव्हापासून ती मीच चालवतोय.

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळायची आणि मग हिसका देऊन पळायची. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, काही फरक नाही. आज शाहूपुरीत मेस्त्रींकडं नेली.

"टायमिंग मागं हाय की! स्पार्क उशिरा पडतोय. कुणी सेट केलतं?"

"आण्णांनी. कानानं ऐकून."

मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला आणि बोल्ट आवळला. गाडी एकदम सुरळीत.

आमच्या घरापुढच्या चढाला ती नेहमी अडखळायची. तो आवाज आला की आई चहा टाकून गेट उघडायला यायची. आण्णांसाठी यायची, नंतर माझ्यासाठीही आली.

आज गाडी सरळ चढली. गेट बंदच. उतरून कडी वाजवली, तर आतून आई म्हणाली, "कोण पावणं आलंय?"

मला रडू वगैरे काही आलं नाही. गेट उघडलं, गाडी आत लावली.

टायमिंग परत मागं करता येतं. गाडी विक म्हणणाऱ्यांनी गप्प बसा, बाकीच्यांनी सांगा. करून घेऊ का?